दहाव्याचा शब्द

पुणतांब्याच्या घाटावर त्या सकाळी अडीच-तीन हजार माणूस जमला होता. माझ्या बहिणीची कोणती इच्छा राहिली होती हे त्यातल्या फक्त दोघांना माहीत होतं. एक तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, आमदार जालिंदरराव. दुसरा मी. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं, पण तोंडं त्यांचीच चालू होती.

मी बन्सी, भागिरथीचा धाकटा भाऊ. बावन्न साली दाजी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मी सातवी फायनल होऊन मास्तरकीच्या ऑर्डरची वाट बघत होतो. दाजी म्हणाले, "ऑर्डर येईस्तवर चल माझ्याबरूबर. पत्रं लिव्हायला कुनी न्हाई." ऑर्डर आली, पण तोवर मला जीपची सवय लागली होती. त्याला आता एकवीस वर्षं झाली. दाजी पाच वेळा निवडून आले आणि मी पाचही वेळा त्यांच्या मागच्या सीटवर होतो. लोक मला पी.ए. म्हणतात. भागिरथी, म्हणजे अक्का, मला शेपूट म्हणायची.

दाजी पाच वेळा कसे निवडून आले याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. कुणी म्हणतं स्वभाव, कुणी म्हणतं जात, कुणी म्हणतं पक्ष. सत्तावन्न साली तर आमच्या जिल्ह्यात भल्याभल्यांची दाणादाण उडाली, तरी दाजी चारशे मतांनी तरले. मला विचाराल तर ते दहाव्यांमुळे तरले. थट्टा करत नाही, खरं तेच सांगतो.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला की गेलेल्याचा जीव सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय असं धरतात. मग घरातला एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्यानं कबूल होतो. धाकटीचं लग्न लावून देऊ, भावाशी भांडणार नाही, म्हातारीला नीट सांभाळू. शब्द पटला की कावळा येतो. चोपन्न साली अशाच एका दहाव्याला दाजी गेले होते. गेलेला म्हातारा दोन वर्षं आमच्या दारी चपला झिजवत होता. त्याच्या गावाला ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, हवी होती, पावसाळ्यात पोरं अलीकडंच अडकायची. पिंड ठेवून तास झाला, पोरांनी नाही नाही ते कबूल केलं, कावळा काही येईना. शेवटी कुणीतरी दाजींना म्हणालं, "आबा, तुमीच बोला. त्यांचा जीव फरशीत हुता." दाजी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "तात्या, येत्या पावसाळ्याच्या आत वढ्यावर फरशी करून देतो." कावळा उतरला. सगळ्या घाटानं एकदम श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो.

फरशी झाली. दाजी बांधकाम खात्याच्या ओव्हरसिअरच्या दारात बसून राहिले आणि मे महिन्यात फरशी झाली.

मग हे सगळीकडे पसरलं. लोक दहाव्याला दाजींना मुद्दाम बोलवायला लागले. म्हातारी माणसं घरच्यांना आधीच सांगून ठेवायची, माझ्या दहाव्याला आबाला बोलवा आणि एस.टी.चं तेवढं बोलून घ्या. एका गावात तर एक म्हातारा बरा झाला तेव्हा लोक जरा हिरमुसले, कारण दवाखान्याचं काम त्याच्यावर ठेवलं होतं. हसू नका, त्या गावाला दवाखाना पुढच्या सालीच मिळाला. म्हातारा गेला होता.

यात माझाही हात होता, तो लपवत नाही. गर्दी पिंडाला चिकटून उभी राहिली की कावळा येत नाही, हे मला दोन-चार दहाव्यांतच कळलं. दाजी बोलायला लागले की मी मागे फिरून लोकांना वीस पावलं हटवायचो. "मागं सरा, मागं सरा, आबांना बोलू द्या." दाजींचा शब्द संपेपर्यंत पिंडाभोवती मोकळं रान झालेलं असायचं. कावळा शब्दाला यायचा की मोकळ्या जागेला, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. दाजींनाही नाही.

पण दिलेला शब्द दाजी पाळायचे, आणि त्यात काही चलाखी नव्हती. एरवी त्यांचं काम सगळ्या आमदारांसारखंच चालायचं. भेटायला आलेला माणूस गाऱ्हाणं सांगायचा, दाजी मान हलवायचे आणि म्हणायचे, "बन्सी, डायरी काढ. लिहून घे." मी लिहून घ्यायचो. माणूस खूश होऊन जायचा, कारण लिहून घेतलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. उरलेलं अर्धं सहसा होत नसे. वर्ष संपलं की डायरी दाजींच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जायची, आणि अक्का एकेक पान फाडून चूल पेटवायची. "तुमच्या मतदारसंघावर माझ्या भाकरी भाजत्यात," असं ती दाजींना तोंडावर म्हणायची.

दहाव्याचा शब्द मात्र कधीच डायरीत गेला नाही. तो दाजींच्या डोक्यात राहायचा आणि पूर्ण व्हायचा. मी एकदा विचारलं होतं, जिवंतांची कामं राहतात आणि मेलेल्यांची होतात, हे कसं? दाजी म्हणाले, "जित्ता मानूस पुन्यांदा येतो, बन्सी. त्याला फुडची तारीख देता येती. मेलेल्याला कुठली तारीख देनार?"

अक्काला या सगळ्याचा कंटाळा होता. तोंडानं ती फार बोलायची नाही, पण वर्षातून दोनशे दिवस नवरा घरी नाही आणि उरलेले दिवस घरात पन्नास माणसं चहाला, हा संसार तिनं वीस वर्षं केला. एकुलती पोर चांगुणा, ती बेलापूरला दिली. सदुसष्ट सालचा निकाल लागला त्या दिवशी अक्कानं दाजींच्या अंगावरचा गुलाल झाडता झाडता सांगितलं, "ही शेवटची. बहात्तरला उभं ऱ्हायचं न्हाई. मग घरी बसायचं, माज्यापाशी." दाजी हसत म्हणाले, "बरं." मी तिथंच हार बाजूला काढत होतो.

तिनं ते 'बरं' धरून ठेवलं. एकाहत्तर साली तिनं घरापुढं ओटा बांधायला घेतला. नदीवरून दगड आणले, गवंडी एकच लावला, गारा कालवायला स्वतः उभी राहिली. पश्चिमेला तोंड, संध्याकाळचा वारा लागेल असा, दोन माणसं पाय लांब करून बसतील एवढा. मी म्हणालो, "अक्का, मोठा कर की, दहा माणसं बसतील." ती म्हणाली, "दहा मानसं नकोच हायेत मला."

बहात्तरच्या जानेवारीत उमेदवारीचा फॉर्म मी लिहिला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "पक्षानं गळ घातली. ही एक खेप. सत्त्याहत्तरला नक्की ऱ्हानार न्हाई." मग वातावरण हलकं करायला म्हणून माझ्याकडे वळले. "बन्सी, लिही रे डायरीत. सत्त्याहत्तरला उभं ऱ्हायचं न्हाई."

"मला डायरीत घालू नका," अक्का म्हणाली.

ती ओरडली नाही, रडली नाही. आत गेली, ताट घेऊन आली आणि दाजींना ओवाळून फॉर्म भरायला पाठवलं. मी तो फॉर्म काखेत धरून जीपमध्ये बसलो. त्या वेळी मी दाजींना अडवलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे. पण खरं सांगायचं तर अडवावंसं वाटलंच नाही. दाजी घरी बसले असते तर मीही घरी बसलो असतो, आणि माझ्या घरी कुणी ओटा बांधलेला नव्हता.

त्या दिवाळीत अक्काच्या पोटातली गाठ कळली. पाऊस नव्हता, विहिरी आटल्या होत्या, सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता आणि दाजींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ती फुरसत मलाही नव्हती, पण मी अधूनमधून तिच्यापाशी बसायचो. एक दिवस ती ओट्यावर बाज टाकून पडली होती. म्हणाली, "बन्सी, माजा कावळा काय लवकर शिवायचा न्हाई बघ."

"काहीतरी बोलू नको."

"का? लोकांची कामं दहाव्याला हुत्यात. माजं पन तवाच हुईल. पंचवीस वर्षं संसार केला पन डायरीत ऱ्हायले. आता मेल्यावर तरी शब्द घेईन त्यांचा." आणि हसली. मीही हसलो. देवाशप्पथ हसलो.

फाल्गुनात ती गेली. अधिवेशन चालू होतं, आम्ही दोघंही मुंबईत होतो. फोन आमदार निवासात आला आणि मी चिठ्ठी लिहून शिपायाकरवी सभागृहात पाठवली. दाजी चारा छावण्यांवर बोलत होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि भाषण पुरं केलं. गॅलरीतून मी बघत होतो. त्यांचा आवाज जराही हलला नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. मला त्या दिवसापासून कशाचंच काही वाटत नव्हतं. दहा दिवस मी माणसांच्या बसण्याची, पाण्याच्या टँकरची, चहाची, भटजींची व्यवस्था बघत होतो. लोक गळ्यात पडून रडायचे, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवायचो. सख्खी बहीण माझी, आणि धीर मी द्यायचो.

दाजींचंही तेच होतं. खाल्लं का म्हणून विचारलं तर "खाल्लं" म्हणायचे, नाही खाल्लं तरी "खाल्लं" म्हणायचे. ओट्यावर मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. मागच्या दारानं यायचे-जायचे.

आणि मग दहावा.

गंगेला पाणी नव्हतं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, पण त्या साली तिच्यात घाटापासून लांब एक डोह तेवढा उरला होता. बाकी सगळी वाळू. दाजींनी डोकं केलं, मिशा उतरवल्या. एकवीस वर्षांत त्यांना बिनमिशांचं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पुढची रांग जरा गोंधळली. श्रद्धांजलीची भाषणं झाली. अक्काला कधी न पाहिलेल्या माणसांनी तिला मतदारसंघाची माउली करून टाकलं. मग भटजींनी पिंड ठेवला, शेजारी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि कपभर चहा. अक्काला चहा लागायचा.

काठावरच्या बाभळीवर पंधरा-वीस कावळे होते. दुष्काळातले कावळे, बरगड्या निघालेले. त्या साली कुणाच्याही पिंडाला कावळा शिवायला वेळ लागत नव्हता. ठेवला की झडप, असं चाललं होतं. त्यामुळे लोक निवांत होते. अर्ध्या तासात घरी जाऊ असा हिशेब होता सगळ्यांचा.

अर्धा तास झाला. एक कावळा खाली उतरला, वाळूवर दोन उड्या मारल्या, पिंडाकडे मान वाकडी करून बघितलं आणि परत बाभळीवर जाऊन बसला.

मी नेहमीचं काम सुरू केलं. "मागं सरा, मागं सरा." वीस पावलं नाही, चाळीस पावलं लोक मागे नेले. लाउडस्पीकर बंद करायला लावला. पोरांना घाटाच्या वर पिटाळलं. पिंडाभोवती एवढं मोकळं रान झालं की जीप फिरली असती. कावळे जागचे हलले नाहीत.

चांगुणा पुढे झाली. "आई, मी नीट हाय गं. माजी काळजी करू नगं." तिला बायकांनी धरून मागे नेलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला आयुष्यभर पुरेल. कारखान्याचे चेअरमन पुढे आले आणि टोपी काढून म्हणाले, "वैनींचा जीव शिक्षणात हुता. आबा, वैनींच्या नावानं कन्याशाळा करू म्हना." अक्काला स्वतःची सही येत नव्हती आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पण चेअरमनच्या मेहुण्याला शाळा काढायची होती. दाजी हात जोडून म्हणाले, "करतो." कावळा आला नाही. मग शेजारच्या गावचे सरपंच सहादेव पाटील. "आमच्या गावाला एस.टी. न्हाई याचा वैनींना लई घोर हुता." अक्का त्या गावाला जन्मात गेली नव्हती. दाजी म्हणाले, "करतो." कावळा आला नाही. मग कुणी पाझर तलाव सांगितला, कुणी देवळाचा सभामंडप सांगितला, कुणी आपल्या पुतण्याची नोकरी अक्काच्या तोंडी घातली. एकाला ओरडून गप्प करावं असं माझ्या मनात आलं, पण कुणाला करू? ही रीत आम्हीच लावली होती. दाजींनी शब्द द्यायची आणि मी माणसं मागे सारायची. मेलेल्या माणसाच्या नावावर गावाचं काम ठेवायला आम्हीच शिकवलं होतं, आणि आज माझी बहीण मेली होती तर लोक शिकवल्याप्रमाणे वागत होते.

दाजी प्रत्येकाला "करतो" म्हणत होते, त्याच आवाजात. चेहऱ्यावर काही नाही. ऊन डोक्यावर आलं. त्यांच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर घामाचे थेंब उभे राहिले, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मी त्यांच्याजवळ गेलो. कानाशी म्हणालो, "दाजी, आता बोला."

"बोलतोय की."

"ते न्हाई. तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं आता बोलतील. बोलले की संपलं, एकवीस वर्षांचा कारभार तिथंच वाळूत संपला, हे मलाही कळत होतं. तरी मला ते हवं होतं. अक्कानं मागून मागून एवढंच मागितलं होतं, आणि जिवंतपणी आम्ही दोघांनी मिळून ते दिलं नव्हतं.

दाजी हळूच म्हणाले, "ते बोललो तर करावं लागंल, बन्सी."

मग ते भटजींकडे वळले. आवाज नेहमीचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

कावळा आलाच नाही तर दर्भाच्या काडीचा कावळा करून पिंडाला लावतात आणि काम उरकतात. शास्त्रात ते चालतं. पण दाजी ज्या दहाव्याला हजर असतील तिथं दर्भाचा कावळा करावा लागला, असं आजवर घडलं नव्हतं. भटजींनी दोनदा विचारलं. मग दर्भाला गाठ मारली, दाजींच्या हातात दिली, आणि दाजींनी ती पिंडाला टेकवली. टेकवताना त्यांचा हात स्थिर होता. लोक उठले, कपडे झटकले आणि चपला शोधायला लागले.

आम्ही जीपकडे निघालो होतो. एवढ्यात खालच्या अंगानं एक माणूस वाळूतून पळत आला. तिशीतला असेल, डोकं केलेलं, अंगावर ओलं धोतर. खडीच्या कामावरचा मजूर होता. मच्छिंद्र नाव सांगितलं.

"आबा, रागावू नगा. तुमच्यावरच दुःख हाय, कळतंय मला. पन माज्या आईचा बी आज दहावा हाय. कावळा शिवंना झालाय. तुमी दोन शबूद बोलला तर..."

मी त्याला हाकलणारच होतो. कानिफनाथ, आमचा ड्रायव्हर, तो तर त्याच्या अंगावर धावून गेला. दाजींनी हातानं थांबवलं आणि त्या माणसाच्या मागे वाळूतून चालायला लागले. मी शेपूट, मीही गेलो.

डोहाच्या पलीकडच्या कडेला नऊ माणसं उभी होती. एका दगडावर पिंड, शेजारी सुकडीचा गोळा. दुष्काळी कामावर जी गोड पिठाची सुकडी वाटतात तीच. त्यांच्या घरात दुसरं गोड काही नसणार.

"काय नाव आईचं?" दाजींनी विचारलं.

"गोजरबाई."

"काय राह्यलं हुतं तिचं?"

"काय न्हाई, आबा. कामावर उन्हानं चक्कर आली, ती उठलीच न्हाई. रोज म्हनायची, हितं मांडव घातला असता तर पोरं तरी सावलीला बसली असती. म्या म्हनायचो, गप खडी फोड. तेवढंच."

दाजी पिंडापुढे उभे राहिले. हात जोडले. "गोजरबाई," ते म्हणाले, "आठ दिवसांच्या आत कामावर मांडव घालतो. पोरं सावलीला बसतील."

मी लोकांना मागे सारलं नाही. सारायला लोकच नव्हते. बाभळीवरून एक कावळा निघाला, आमच्या पिंडावरून, त्या भाकरीवरून आणि चहाच्या कपावरून आला आणि गोजरबाईच्या दगडावर उतरला. मच्छिंद्र वाळूत बसून मोठ्यानं रडायला लागला. नऊ माणसं होती, गर्दी नव्हती, लाउडस्पीकर नव्हता, कावळा येणारच होता. हे सगळं मला माहीत आहे. तरी त्या वाळूत मला रडू फुटलं. दहा दिवसांचं सगळं तिथं आलं, एका परक्या बाईच्या पिंडापुढं, आणि मला ते आवरेना. मच्छिंद्रानंच उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं मी त्याच्या आईसाठी रडतोय.

तो मांडव पाचव्या दिवशी उभा राहिला, हे आत्ताच सांगून टाकतो. दाजींनी इंजिनिअरच्या ऑफिसात बसून बांबू आणि ताडपत्र्या काढून घेतल्या. कन्याशाळेचंही होईल. एस.टी.चंही होईल. ते शब्द दहाव्याचे होते.

आम्ही घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. कानिफनाथानं चुकून जीप पुढच्या दाराशी आणली, ओट्यासमोर. ओट्यावर कुणीतरी अक्काची बाज उभी करून ठेवली होती. दगडांना ऊन लागलं होतं. दाजी उतरले नाहीत. मीही उतरलो नाही. कानिफनाथानं इंजिन बंद केलं आणि तोही बसून राहिला.

दाजी म्हणाले, "घरी बसून काय करू, बन्सी? कुनापाशी बसू?"

मी ओट्यावरच्या बाजेकडे बघितलं.

"ती असती तर बसलो असतो," ते म्हणाले. हे खरं नव्हतं. ती होती तेव्हा ते बसले नव्हते. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांचा चेहरा मी आरशात बघत होतो. बिनमिशांचा, म्हातारा, कुणीतरी अनोळखी माणूस असावा असा. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "डायरी काढ."

मी डायरी काढली. पेनाचं टोपण काढलं.

"लिही. भागिरथी. सत्त्याहत्तरला उभं ऱ्हायचं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर काचेतून बघत होते, ओट्याकडे नाही, रस्त्याकडे. मला म्हणायचं होतं की ती नको म्हणाली होती. मला डायरीत घालू नका, एवढंच ती बोलली होती आणि तुम्ही ऐकलं होतं. तोंडाशी आलेलं मी गिळलं. एकवीस वर्षं लिहून घे म्हटलं की लिहून घ्यायचं, हेच मला येत होतं.

पानावर वरच्या ओळीत एका मास्तराच्या बदलीचं काम होतं. त्याच्याखाली मी अक्काचं नाव लिहिलं.